एक प्रश्न, अनेक विषय: प्राथमिक शाळेतील प्रकल्प सप्ताहाच्या नियोजनाचा आढावा

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात भाषा, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे विषय वेगवेगळ्या तासिकांत वाटलेले असतात आणि अध्यापनाच्या सोयीसाठी ही वाटणी आवश्यकही असते. परंतु सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला शाळेबाहेर भेटणारे जग तासिकांप्रमाणे चालत नाही. भाजीच्या एका साध्या खरेदीत वजन, भाव, बोली, ऋतू, वाहतूक आणि माणसामाणसांतील व्यवहार एकाच वेळी गुंतलेले असतात. विषयांची शिस्त न मोडता मुलाला या गुंतागुंतीचा अभ्यास कसा करू द्यावा, हा प्राथमिक शिक्षणातील जुना प्रश्न आहे, आणि अनेक विषयांना एकत्र आणणारा प्रकल्प सप्ताह हे त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी एक उत्तर आहे.

प्रकल्प सप्ताह म्हणजे शाळेच्या वर्षातील असा सलग आठवडा, ज्यात नेहमीच्या तासिका सैल करून विद्यार्थी एका प्रश्नाचा शोध घेतात, त्यासाठी ज्या ज्या विषयाचे ज्ञान लागेल ते मिळवतात व वापरतात, आणि अखेरीस हाती आलेले उत्तर इतरांसमोर मांडतात. या व्याख्येत तीन अटी आहेत: प्रश्न, ज्ञानाचा वापर आणि उत्तराची मांडणी. यांपैकी पहिली अट सुटली की उरतो तो उपक्रम. उपक्रमालाही शाळेत मानाचे स्थान आहे. बालआनंद मेळाव्यात मुले खाऊचे गाळे मांडतात, हिशेब ठेवतात, धीटपणे बोलतात आणि त्यातून पुष्कळ शिकतात. मात्र मेळाव्यात शोधायचे असे काही नसते, कारण काय विकायचे, कितीला विकायचे आणि शेवटी काय होणार हे मोठ्यांनी आधीच ठरवलेले असते. शहरी शाळांत तर ‘प्रकल्प’ या शब्दाला स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे, रात्री जागून पालकांनी केलेली प्रतिकृती आणि सुबक वेष्टनाची प्रकल्पवही असा अर्थ चिकटला आहे. म्हणून नियोजनाचा विचार करताना एक विधान आरंभीच मांडणे इष्ट ठरते: प्रकल्प सप्ताहाचे यश त्यातील कृतींच्या संख्येवर ठरत नाही, तर निवडलेला प्रश्न एकाहून अधिक विषयांच्या मदतीवाचून सुटूच नये इतका नेमका आहे की नाही, यावर ठरते. पुढील आढाव्यात या विधानाची तपासणी इतिहास, धोरण, संशोधन आणि प्रत्यक्ष वर्गव्यवहार अशा चार अंगांनी केली आहे.

विचाराचा वारसा

‘प्रकल्प’ हा शब्द शिक्षणाच्या परिभाषेत प्राथमिक शाळेतून आलेला नाही. इटलीतील आणि पुढे फ्रान्समधील वास्तुकलेच्या शिक्षणात विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे तयार केलेल्या इमारतीच्या आराखड्यासाठी तो वापरला जात असे. तेथून तो तंत्रशिक्षणात आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील शालेय शिक्षणात आला. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा सुरू केली आणि तेथे स्वयंपाक, विणकाम व सुतारकाम अशा कामांभोवती इतिहास, विज्ञान व गणित यांचे अध्ययन गुंफले. त्यांच्या परंपरेतील विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवरील आपला निबंध प्रसिद्ध केला व मनापासून केलेली हेतुपूर्ण कृती हे तिचे मर्म असल्याचे सांगून हेतू ठरवणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि निष्पत्ती तपासणे असे तिचे चार टप्पे मांडले. हे चार टप्पे आजही कोणत्याही सप्ताहाचा सांगाडा म्हणून उपयोगी पडतात. मात्र किलपॅट्रिक यांनी मुलाच्या हेतूला दिलेले जवळजवळ सर्वाधिकार त्यांच्या समकालीनांनाही खटकले होते. खुद्द ड्यूई यांनी १९३८ मध्ये अनुभव आणि शिक्षण यांच्या संबंधाची चर्चा करताना प्रत्येक अनुभव शिक्षण देणारा असतोच असे नाही, काही अनुभव पुढच्या वाढीला अडथळाही आणतात, असा इशारा दिला. काय करायचे हे मुलांनी ठरवावे, परंतु त्या करण्यातून काय घडू शकते याची जाण शिक्षकाकडे असावी, हा त्या इशाऱ्याचा अर्थ नियोजनाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

महाराष्ट्राच्या भूमीवर या विचाराची स्वतंत्र आणि अधिक मूलगामी मांडणी झाली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मातृभाषेतून दिल्या जाणाऱ्या, उत्पादक हस्तोद्योगाभोवती उभारलेल्या सात वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. ‘नई तालीम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या शिक्षणाने दिलेली ‘समवाय’ ही संज्ञा प्रकल्प सप्ताहाच्या नियोजकाला आजही सर्वांत जवळची आहे. समवाय म्हणजे विषयांचा असा संबंध की ज्यात एका कामाच्या गरजेतून दुसऱ्या विषयाचे ज्ञान पुढे येते. टकळीवर सूत काततानाच तारा मोजाव्या लागतात, कापसाची शेती समजून घ्यावी लागते आणि कापडाच्या व्यापाराचा इतिहासही विचारावा लागतो. समितीने समवायाची तीन केंद्रे मानली होती: नैसर्गिक परिसर, सामाजिक परिसर आणि हस्तोद्योग. कामाच्या आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोकाही समितीने आपल्या अहवालात स्पष्टपणे नोंदवला होता. आज शाळेत भरवलेल्या बाजाराची बातमी किती रुपयांची उलाढाल झाली एवढ्यावरच संपते, तेव्हा तो इशारा किती दूरदृष्टीचा होता हे कळून येते.

पुढील काळात या विचाराला अनेक फाटे फुटले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी केलेल्या कामात गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत शाळाच नेणारी कुरणशाळा आकाराला आली आणि परिसरातील पाने, बिया, माती व दगड हेच शैक्षणिक साहित्य ठरले. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मराठी माध्यमाच्या शाळेत अनुभवाधारित शिक्षणाची वाट रुंद केली. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांतून सुरू झालेला आणि २००२ पर्यंत चाललेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी होता, तरी त्याचा एक धडा प्राथमिक शाळेलाही लागू पडतो: शिकवण्याची पद्धत बदलायची असेल, तर परीक्षाही बदलावी लागते, म्हणून त्या कार्यक्रमात पुस्तक उघडे ठेवून द्यायची लेखी परीक्षा व प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा घेतली जात असे.

कायदा, धोरण आणि उपलब्ध वेळ

प्रकल्प सप्ताह हा अभ्यासक्रमाबाहेरचा विरंगुळा आहे, त्यामुळे ‘पोर्शन’ मागे पडतो, अशी शिक्षकांची व पालकांची तक्रार असते. कायद्याची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांच्याद्वारे शिक्षण व्हावे अशी अपेक्षा अभ्यासक्रमाविषयीच्या तरतुदींतच घातलेली आहे. त्याआधी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडणे हे मार्गदर्शक तत्त्व म्हणून स्वीकारले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांच्या दप्तराविना कालावधीची शिफारस केली. प्राथमिक वर्गांसाठी तशी दिवसांची संख्या सांगितलेली नसली, तरी अनुभवातून शिकण्याचा आग्रह त्या धोरणात सर्वच स्तरांसाठी आहे.

वेळेचा हिशेबही तपासून पाहण्यासारखा आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास अपेक्षित आहेत, म्हणजे सरासरीने दिवसाला चार तास. सहा दिवसांचा प्रकल्प सप्ताह सुमारे २४ तासांचा, म्हणजे वर्षाच्या अध्यापनाच्या ३ टक्के, होतो. या आकड्याचे दोन अर्थ आहेत व नियोजकाने दोन्ही ध्यानात ठेवावेत. पहिला असा की एवढा वेळ कोणत्याही शाळेला परवडतो, विशेषतः त्या आठवड्यात वजन, पैसे, मुलाखत, पत्रलेखन किंवा नकाशा असे पाठ्यपुस्तकातील घटकच शिकवले जाणार असतील तर. दुसरा असा की ३ टक्के वेळात मुलाचा स्वभाव बदलेल, त्याच्या अंगी नेतृत्व येईल आणि एकविसाव्या शतकाची सगळी कौशल्ये त्याला प्राप्त होतील, अशी आश्वासने देणे प्रामाणिकपणाचे नाही. सप्ताहाची उद्दिष्टे दोन किंवा तीन असावीत आणि ती त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींतूनच, म्हणजे विद्यार्थ्याला काय करता यावे याविषयीच्या अधिकृत अपेक्षांतूनच, निवडलेली असावीत.

संशोधनातील मतभेद

प्रकल्पाधारित शिक्षणाच्या परिणामकारकतेविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुचर्चित लेखात अत्यल्प मार्गदर्शन असलेल्या अध्यापनपद्धती नवशिक्या विद्यार्थ्याच्या कार्यरत स्मृतीवर, म्हणजे एका वेळी थोडीच माहिती हाताळू शकणाऱ्या मानसिक क्षमतेवर, नको इतका भार टाकतात असा आक्षेप घेतला. पुढच्याच वर्षी सिंडी मेलो-सिल्व्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला उत्तर देताना चांगल्या समस्याधारित अध्यापनात मार्गदर्शन कमी नसते, उलट ते टप्प्याटप्प्याने आणि गरजेच्या क्षणी दिले जाते, हे दाखवून दिले. प्राथमिक शाळेच्या दृष्टीने या वादातून निघणारे तात्पर्य व्यवहारोपयोगी आहे: ज्या कौशल्यावर प्रकल्प उभा आहे ते मुलांना येत नसेल, तर ते आधी किंवा त्याच आठवड्यात सरळ शिकवावे. ग्रॅम आणि किलोग्रॅम यांचा संबंध बाजारात जाऊन आपोआप उमगेल, या भरवशावर चौथीचा वर्ग बाहेर नेणे म्हणजे मुलांच्या पाठीवर दोन ओझी एकाच वेळी देणे होय.

प्राथमिक वर्गांविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतील मिशिगन राज्यातून पुढे आला. नेल ड्यूक, ॲन-लिझ हॅल्व्हर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल वस्त्यांतील २० शाळांमधील दुसरीच्या ४८ शिक्षकांसह केलेल्या अभ्यासात प्रकल्पाधारित वर्गांतील मुलांची प्रगती सामाजिक शास्त्रात व माहितीपर वाचनात तुलनेच्या वर्गांपेक्षा अधिक आढळली. माहितीपर लेखनात आणि अध्ययनाच्या प्रेरणेत मात्र तसा फरक दिसला नाही. जेथे शिक्षकांनी पाठयोजनांचे अधिक काटेकोर पालन केले, तेथे लेखनाची व प्रेरणेची वाढही अधिक दिसली. या अभ्यासाचे दाखले देताना हे विसरू नये की तो वर्षभर चाललेल्या, प्रत्येकी सुमारे २० पाठांच्या चार घटकांवर आधारलेला होता. एका आठवड्याच्या बाजूने तो फार तर एवढीच साक्ष देतो की तपशिलात आखलेला प्रकल्प लहान मुलांनाही लाभतो आणि लेखन हे त्यातील आपोआप न साधणारे अंग आहे, म्हणून त्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो.

विषयांच्या जोडणीविषयीचा सर्वांत उपयुक्त इशारा हेडी हेज जेकब्ज यांनी १९८९ मध्ये दिला. प्रत्येक विषयातून थोडे थोडे घेऊन केलेली सरमिसळ हा त्यांच्या मते आंतरविषय नियोजनाचा पहिला दोष, आणि विषयनिष्ठ व आंतरविषय शिक्षण ही जणू शत्रुराष्ट्रे आहेत असे मानणे हा दुसरा. पहिल्या दोषाचे उदाहरण मराठी शाळांतही सहज सापडते: ‘पाणी’ हा विषय घेतला की भाषेत पाण्यावरची कविता, गणितात पाण्याच्या टाकीचे उदाहरण, चित्रकलेत पावसाचे चित्र आणि संगीतात पाऊसगाणे. चारही तासांत पाणी हा शब्द येतो, पण एका तासाचे काम दुसऱ्या तासाला लागत नाही. ग्रँट विगिन्स व जे मॅकटाय यांनी १९९८ मध्ये मांडलेले उलट नियोजन, म्हणजे आधी अपेक्षित आकलन, मग त्याचा पुरावा आणि शेवटी कृती या क्रमाने केलेले नियोजन, याच दोषावरचा उतारा आहे. कृतींची यादी करून त्यांना नंतर उद्दिष्टे चिकटवण्याची सवय या क्रमामुळे मोडते.

प्रश्नाची निवड: आठवडे बाजाराचे उदाहरण

वरील तत्त्वे प्रत्यक्षात कशी उतरतात हे पाहण्यासाठी ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक शाळांना जवळ असलेला आठवडे बाजार हा विषय घेता येईल. ‘आमचा बाजार’ हा केवळ विषय झाला. त्यावर निबंध लिहिता येतो, शोध घेता येत नाही. ‘बाजारात काय काय मिळते?’ हा प्रश्न असला तरी त्याचे उत्तर म्हणजे यादी. मात्र ‘भाजी वाट्यावर घेणे परवडते की किलोवर?’ हा प्रश्न विचारला की चित्र बदलते. वाटा म्हणजे न तोलता, नजरेच्या अंदाजाने लावलेला आणि ठरावीक किमतीला विकला जाणारा ढीग. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही, शिक्षकालाही ते आधी ठाऊक नाही, आणि ते मिळवायचे तर वजन करावे लागते, भाव विचारावा लागतो, विक्रेत्याशी बोलावे लागते व भाजी कोठून आली हे समजून घ्यावे लागते. अशा रीतीने विषय प्रश्नाच्या गरजेपोटी एकत्र येतात, आणि समवायाचा मूळ अर्थ तोच आहे.

या प्रश्नातील गणित जवळून पाहण्याजोगे आहे. समजा, टोमॅटोचा १० रुपयांचा वाटा शाळेत आणून तोलला असता ४०० ग्रॅम भरला आणि त्याच बाजारात टोमॅटो ३० रुपये किलोने विकले जात होते. चौथीतील मुलाला येथे भागाकाराची अवघड रीत लागत नाही: ४०० ग्रॅमला १० रुपये, तर २०० ग्रॅमला ५ रुपये, आणि अशी पाच दोनशे ग्रॅम मिळून किलो होतो, म्हणजे वाट्याचा भाव २५ रुपये किलो पडला. वाटा स्वस्त, असे उत्तर येथे मिळते आणि सामान्य उदाहरण येथेच संपते. परंतु वाटा निवडताना १०० ग्रॅम टोमॅटो पिचलेले, टाकून द्यावे लागणारे निघाले, तर हिशेब उलटतो: असे तीन वाटे घेतले तर ३० रुपयांत ९०० ग्रॅम उपयोगी माल हाती येतो, तर हाताने निवडून घेतलेल्या किलोत तेवढ्याच ३० रुपयांत १००० ग्रॅम. ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ किमतीबरोबर उपयोगी मालावरही अवलंबून असतो, हे मुलाला येथे स्वतःच्या तक्त्यातून दिसते, आणि भाषा, गणित व परिसर अभ्यास या तिघांचेही ते एकत्रित आकलन असते.

विक्रेत्याच्या बाजूने हाच प्रश्न विचारला की सामाजिक अंग उलगडते. वाटा लावणाऱ्या बाईकडे अनेकदा तराजू नसतो, माल थोडा व मिश्र प्रतीचा असतो, गिऱ्हाईक झटपट निकालात काढायचे असते, दहा-वीस रुपयांच्या पूर्ण रकमेमुळे सुट्या पैशांची अडचण येत नाही आणि दिवस कलला की ढीग मोठा करून उरलेला माल संपवता येतो. तराजू असलेल्या विक्रेत्याकडे लोखंडी वजनांच्या खाचेत भरलेले शिसे व त्यावर उमटवलेला तपासणीचा शिक्का मुलांना पाहता येतो आणि वजने खरी असल्याची खात्री शासन करते हे नागरिकशास्त्र हातात धरून शिकता येते. घरी आजीआजोबांना विचारले की चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे आणि त्यांच्यातील दुपटीचा संबंध कळतो: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. देशात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि मेट्रिक वजनमापे १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने लागू झाली, हा इतिहास त्या संवादाशी सहज जोडला जातो. भाषेचे धनही येथे मोठे असते. विदर्भातील मूल कोथिंबिरीला सांबार म्हणते, तर त्या शब्दाला तक्त्यात प्रमाण शब्दाच्या शेजारी जागा मिळाली पाहिजे.

सप्ताहाची आखणी

बाजाराचा वार सप्ताहाची रचना ठरवतो. बाजार बुधवारी असेल, तर सोमवारी परिपाठानंतर प्रश्न मांडून मुलांना काय माहीत आहे व काय शोधायचे आहे याची नोंद फळ्यावर केली जाते आणि प्रत्येक मूल हातात भाजी धरून वजनाचा अंदाज लिहून ठेवते. अंदाज आधी लिहिलेला असला की नंतरच्या मोजणीला अर्थ येतो. मंगळवार हा सरळ अध्यापनाचा दिवस असतो: तराजू वाचणे, ग्रॅम-किलोग्रॅमची उदाहरणे, मुलाखतीचे प्रश्न तयार करणे, त्यांचा वर्गात सराव करणे आणि नोंदपत्रक आखणे. बुधवारी क्षेत्रभेट, म्हणजे अभ्यासासाठी प्रत्यक्ष जागी दिलेली भेट, होते. पाच-सहा मुलांचा एक गट, प्रत्येक गटाबरोबर एक प्रौढ, ठरावीक रकमेची खरेदी आणि गर्दी वाढण्यापूर्वीची वेळ, ही पथ्ये पाळली की भेट सुरक्षित व फलदायी होते. गुरुवारी भाजी तोलणे, निवडणे, तक्ता भरणे व चित्रालेख, म्हणजे चित्रांच्या साहाय्याने संख्या दाखवणारी आकृती, काढणे ही कामे होतात आणि तोललेली भाजी त्याच दिवशी शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकात जाते. शुक्रवार लेखनासाठी पूर्णपणे राखून ठेवावा: पहिला खर्डा, मित्राने केलेले वाचन आणि सुधारित खर्डा. शनिवारी सकाळच्या शाळेत मुले आपले उत्तर पालकांसमोर, शक्य असल्यास ज्यांच्याशी बोलणे झाले त्या विक्रेत्यांसमोर, मांडतात. ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांना ते परत दाखवणे ही शोधाची सभ्यता आहे आणि उत्तरातील चूकही तेथे लगेच उघड होते.

ही आखणी पहिलीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांना एकाच प्रश्नाखाली सामावून घेऊ शकते आणि महाराष्ट्रात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. शिक्षण हक्क अधिनियमानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. अशा द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. नेहमीच्या दिवशी जी बहुवर्ग अध्यापनाची अडचण वाटते, तीच प्रकल्प सप्ताहात सोय ठरते. पहिली-दुसरीची मुले भाज्यांचे गट पाडतात, नावे लिहितात, जड-हलके ओळखतात. तिसरीची मुले पाव, अर्धा व एक किलोची जोडणी करतात. चौथी-पाचवीची मुले भावाचा हिशेब मांडतात. मिश्र वयाच्या गटात मोठे मूल लहानाला समजावते, आणि समजावताना त्याचे स्वतःचे कोठे अडते हे शिक्षकाला ऐकू येते.

शहरातील शाळांना मूळ प्रश्न न सोडता बाजाराऐवजी मंडई, रस्त्यावरची हातगाडी व तयार पाकिटे विकणारे दुकान यांची तुलना करता येते. साहित्याचा खर्च थोडाच असतो: एक तराजू, नोंदपत्रके आणि खरेदीची लहानशी रक्कम. पालकांचा बहुमताचा सहभाग असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीला योजना आधी सांगितली, तर सोबतीला माणसे मिळतात व ‘पोरं बाजारात का फिरवता?’ या प्रश्नाचे उत्तरही तेथेच दिले जाते. एक काळजी मात्र कटाक्षाने घ्यावी लागते. ज्या मुलांचे आईवडील बाजारात बसतात, त्यांच्याकडे या प्रश्नाचे जाणते ज्ञान असते आणि वर्गात एरवी मागे राहणारे मूल या आठवड्यात मार्गदर्शक होऊ शकते. परंतु कोणाच्याही घरची कमाई, कर्ज किंवा नफा-तोटा वर्गासमोर मांडण्याची पाळी येऊ नये, म्हणून मुलाखतीच्या प्रश्नांतून असे प्रश्न शिक्षकाने मंगळवारीच वगळावेत.

मूल्यमापन

महाराष्ट्रात २०१० पासून प्राथमिक वर्गांना लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकणे चालू असतानाच घ्यायच्या नोंदींची, जी साधने सांगितली आहेत त्यांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, चाचणी व स्वाध्याय यांच्यासह प्रकल्पाचाही समावेश आहे. त्यामुळे सप्ताहासाठी वेगळी परीक्षा किंवा वेगळी नोंदवही लागत नाही. लागते ती नोंदीची नेमकी भाषा. ‘प्रकल्पात उत्साहाने सहभागी होते’ ही वर्णनात्मक नोंद वर्गातील प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहिता येते, म्हणून ती कोणाच्याच उपयोगाची नसते. ‘वाट्याचे वजन व किंमत यांवरून किलोचा भाव तक्त्याच्या मदतीने काढते, तक्ता नसल्यास अडते’ ही नोंद मात्र पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे हे सांगते.

गटाच्या कामात एकाच हुशार मुलाने सर्व हिशेब केला व बाकीच्यांनी रंग भरले, असे होण्याची शक्यता नेहमीच असते. त्यावर उपाय म्हणजे शुक्रवारी लेखनाच्या सुरुवातीलाच प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे एक नवे, पण त्याच धर्तीचे उदाहरण देणे. टोमॅटोऐवजी पेरूचा वाटा, निराळे वजन, निराळी किंमत आणि ‘तू कोणता घेशील व का?’ हा प्रश्न. उत्तरातील ‘का’ हा शब्द येथे आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो. गटाचे सादरीकरण तपासण्यासाठी तीन-चार ओळींचा निकषतक्ता, म्हणजे चांगल्या कामाच्या खुणा सांगणारा तक्ता, सोमवारीच मुलांबरोबर तयार केला तर त्यांनाही आपले काम तपासता येते: आकडे खरे आहेत का, ते कसे मिळवले हे सांगितले आहे का, ऐकणाऱ्याला समजेल अशी भाषा आहे का, आणि उत्तर बदलू शकते अशी एखादी परिस्थिती दाखवली आहे का.

समारोप

या चार अंगांनी पाहिले असता आरंभीचे विधान टिकते, मात्र दोन अटींसह. प्रश्न नेमका असला तरी त्याला लागणारी कौशल्ये त्याच आठवड्यात सरळ शिकवावी लागतात, आणि एका आठवड्याला एका आठवड्याचेच माप लावावे लागते. नई तालीमच्या समितीने उत्पादनाच्या मोहाविषयी जे सांगितले तेच आज सादरीकरणाच्या मोहाविषयी सांगता येईल: शनिवारची सजावट जेव्हा सोमवारच्या प्रश्नापेक्षा मोठी होते, तेव्हा मुलांचा वेळ प्रौढांच्या समाधानासाठी खर्च झालेला असतो.

सप्ताहाचे मूल्य त्यानंतरच्या सोमवारी कळते. गणिताच्या तासिकेत भावाचे नवे उदाहरण आले व शिक्षकाने भिंतीवरच्या वाट्याच्या तक्त्याकडे बोट दाखवले, तर आठवडा अभ्यासक्रमात मिसळला असे म्हणता येईल. त्याही पुढची पायरी म्हणजे शाळेने एक बाजारवही ठेवणे आणि दरवर्षी त्याच महिन्यातील बाजारात त्याच चार-पाच भाज्यांचे भाव, वाट्यांची वजने व विक्रेत्यांची उत्तरे त्या वर्षीच्या मुलांच्या अक्षरात तिच्यात लिहून ठेवणे. दुसऱ्या वर्षी चौथीच्या वर्गासमोर ती वही उघडली की नवा प्रश्न शिक्षकाला तयार करावा लागणार नाही. गेल्या वर्षी १० रुपयांना ४०० ग्रॅम मिळत होते, यंदा इतके कमी किंवा इतके जास्त का, हे मुलेच विचारतील.